वाघमारेंचा गार चहा

आज सकाळी माझ्या स्क्रीनवरची यादी आपोआप खाली सरकायला लागली. मी कशालाही हात लावला नव्हता, माउस बाजूला पडलेला, आणि कंटेनरचे नंबर आपले चाललेत खाली खाली, जसं काही त्यांना उरणची बस पकडायची आहे. नियमाप्रमाणे मी ऑनलाइन तक्रार टाकली. लगेच उत्तर आलं, रीस्टार्ट करा. केलं. परत तेच. परत तक्रार टाकली, परत उत्तर, रीस्टार्ट करा. अरे, बाबांनो, तुमच्याकडे कुणी माणूस बसलाय का तिथे? मग नेहमीसारखी मला वाघमारेंची आठवण आली, आणि ती आली की माझा अर्धा दिवस जातो.

वाघमारे म्हणजे आमचं सॉफ्टवेअर ज्या कंपनीनं बनवलं तिचे सपोर्टवाले. आमचं जासईचं कंटेनर यार्ड, आणखी दोन-चार गोदामं, एवढं त्यांच्याकडे होतं. नावड्याला राहायचे, तिथून स्कूटरवर यायचे. ट्रेलरच्या रांगांतून वाट काढत पोचेपर्यंत भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या धुळीनं. मूळचे लातूरकडचे. उंच, जरासे पुढे वाकलेले, अर्ध्या बाहीचा शर्ट आणि शर्टाच्या खिशात एक टूथब्रश. नवीन माणसाला वाटायचं, हे काय मुक्कामाला आलेत की काय! तो कीबोर्ड साफ करायचा ब्रश होता.

कॉम्प्युटर बघायला येणारी माणसं कशी असतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. 'जरा उठा' म्हणतात, आपल्या खुर्चीत बसतात, खटाखट बटणं दाबतात, विचारलं तर इंग्रजीत कायतरी पुटपुटतात आणि 'झालं' म्हणून निघतात. वाघमारेंनी कधी कुणाला खुर्चीतून उठवलं नाही. कोपऱ्यातलं प्लॅस्टिकचं स्टूल ओढायचे, आपल्या शेजारी बसायचे आणि पहिलं काम म्हणजे चहा मागायचे. चहा आला की ग्लास दोन्ही हातांत धरून बसायचे. प्यायचे मात्र नाहीत. चहावर साय धरायची, साय सुरकुतायची, तरी हे आपले स्क्रीनकडे बघतायत. सुरुवातीला मला इतका राग यायचा! टपरीवरून स्पेशल चहा मागवायचा आणि तो असा वाया घालवायचा?

"वाघमारे, गार होतोय तो."

"पितो की मॅडम."

शेवटी काम संपल्यावर तो गारढोण चहा औषधासारखा एका घोटात घ्यायचे. एकदा मी विचारलंच की हा काय प्रकार आहे. तर म्हणाले, "रिकामे हात गप बसत न्हाईत. लगेच माउसवर जातेत. हात गुंतले की डोळे उघडतेत."

आणि मग ते म्हणायचे, "माझ्याकडं बघू नका. मला दाखवायला काम करू नका. रोज जसं करायलात तसंच करा." हे ऐकायला सोपं वाटतं. शेजारी एक वाकलेला उंच माणूस ग्लास धरून बसलाय आणि म्हणतोय माझ्याकडे बघू नका! पण थोड्या वेळानं खरंच विसर पडायचा. आपण डब्यात काय आणलंय ते बोलायला लागायचो, जांभया द्यायला लागायचो, आणि नेमकं तेव्हा वाघमारेंना जे हवं ते सापडायचं.

यादी आपोआप सरकायचा रोग आमच्याकडे पहिल्यांदा झाला तो दसऱ्यानंतर. खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्याची पूजा असते. क्रेनला हार, वजनकाट्याला हार, आणि ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला हळदकुंकू, झेंडू. सुट्टी संपवून आलो तर माझी स्क्रीन थांबायला तयार नाही. पान उघडलं की धावतंय थेट तळाला. कुणी म्हणालं व्हायरस, कुणी म्हणालं परत पूजा करा, काहीतरी राहिलंय. वाघमारे आले, स्टुलावर बसले, ग्लास धरला. मग हळूच म्हणाले, "मॅडम, तुमची परवानगी असंल तर देवाचं कुंकू जरा बाजूला करतो." आणि खिशातला ब्रश काढला. खाली जायच्या बाणाच्या बटणात ओलं कुंकू जाऊन वाळलं होतं, बटण दाबलेलंच राहिलं होतं. आम्ही सगळे बघतोय, कुंकवाला हात लावायचा कसा म्हणून आमच्यापैकी एकानं बटण पुसलं नव्हतं. वाघमारे स्वतः पूजाअर्चेतले नव्हेत, त्यांच्या घरी बुद्धवंदना. पण त्यांनी ते कुंकू कागदावर झाडलं, त्यावर झेंडूची पाकळी ठेवली आणि पुडी करून माझ्या हातात दिली. "पूजा मॉनिटरची करा," म्हणाले, "कीबोर्डला नुसता नमस्कार." तेव्हापासून आमच्या यार्डात तीच रीत आहे.

कोणाचंही गाऱ्हाणं आलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "मशीन खोटं बोलत न्हाई, माणूसबी खोटं बोलत न्हाई. दोघांच्या मधी कायतरी असतंय. ते बघायचं." आम्ही त्यांची नक्कल करायचो या वाक्याची. मीही केलीय. पण वनिताताईंच्या वेळेला त्या वाक्याचा अर्थ कळला, आणि नंतर नक्कल करावीशी वाटली नाही.

वनिता घरत, आमच्या खिडकीवरच्या ताई. गाव यार्डापासून हाकेच्या अंतरावर. सासरची भातशेती प्रकल्पात गेली, तिच्यावर रस्ते आणि यार्डं आली, आणि त्या बदल्यात म्हणा, भांडून म्हणा, ताईंना ही नोकरी मिळाली. तीसुद्धा कंत्राटावर. ट्रेलरवाल्यांनी खिडकीत कागद द्यायचे, ताईंनी कंटेनरचा नंबर, सीलचा नंबर, कुठल्या रांगेत ठेवायचा ते सगळं भरायचं आणि गेटपास द्यायचा. बाहेर कुणाला न जुमानणारे ड्रायव्हर ताईंपुढे शेळी व्हायचे. "ए भैया, लाइनमें रह, नाय तर सांज तक इधरच बसेगा!" ही हाक माझ्या टेबलापर्यंत यायची. नवरा मनोहरभाऊ रोज मोटरसायकलवरून सोडायला यायचा, आणि गेटवर उतरताना त्यालाही एखादी हाक ऐकावी लागायची.

त्या वर्षी ताईंच्या मुलीचं लग्न झालं. लग्नघरच्या बायकांनी कासाराकडून चुडा भरला, ताईंनीही भरला. कोपरापर्यंत हिरव्यागार काचा, आणि पुढे मनगटावर सासूबाईंच्या सोन्याच्या पाटल्या. सासूनं इतकी वर्षं त्या हातातून काढल्या नव्हत्या, नातीच्या लग्नात सुनेला दिल्या. ताई कामावर परत आल्या त्या दिवशी सगळं ऑफिस त्यांच्या हाताकडे बघत होतं. आणि त्याच सुमारास आमचे जुने कॉम्प्युटर गेले आणि लॅपटॉप आले.

झालं. ताईंच्या नोंदी चुकायला लागल्या. कंटेनरचा नंबर भरता भरता कर्सर उडी मारायचा आणि उरलेले आकडे सीलच्या चौकटीत जाऊन पडायचे. कधी पान मधूनच सरकायचं आणि रांग भलतीच निवडली जायची. एकदा भलताच कंटेनर खाली काढला, दोन क्रेन अडकल्या, आणि मॅनेजर सावंतसाहेब तापले. लॅपटॉप बदलून बघितला. ताईंचा माझ्याकडे आला, माझा त्यांच्याकडे गेला. माझ्याकडे तो मुकाट चालायचा, आणि माझा बिचारा इतके दिवस शहाणा असलेला, ताईंकडे जाताच उड्या मारायला लागला. मग काय, सगळ्यांनी ओळखलं. रोग मशीनला नाही, ताईंना आहे.

सावंतसाहेब म्हणाले, माझ्यासमोर भरून दाखवा. ताईंच्या पाठीशी जाऊन उभे राहिले. ताईंनी काय केलं, भाकरीचं पीठ मळायला बसताना बाई करते तसं केलं. चुडा, पाटल्या, सगळं सारून वर कोपरापाशी नेलं, पदर खोचला आणि नोंदी भरल्या. एक चूक नाही! सावंतसाहेब म्हणाले, "बघा. लक्ष दिलं की होतंय." एवढंच बोलले, पण सगळ्यांसमोर बोलले. नंतर मला आत बोलावून सांगितलं की महिनाअखेरीला खिडकीवर दुसरं कुणीतरी बघावं लागेल, ताईंचं कंत्राट पुढे चालू ठेवणं कठीण आहे.

ताईंना ते सांगायला माझी जीभ रेटेना. पण त्यांना कळलंच होतं.

"मी काय आंधली झालंय?" त्या मला म्हणाल्या. "माजं डोलं चांगलं हायत. जमीन गेली तवा रडली नाय मी, नि आता या डबड्यापायी रडू?" आणि रडल्या.

मग वाघमारे आले. मी त्यांना दारातच गाठून सगळं सांगितलं, घाई करा म्हणून सांगितलं. ते घाई करणारे कसले! स्टूल ओढलं, चहा मागितला. ताई आधीच घाबरलेल्या, त्यांनी बांगड्या वर सारल्या आणि दगडासारख्या बसून नोंदी करायला लागल्या. सगळं बिनचूक.  वाघमारे म्हणाले, "ताई, लेकीचं लग्न झालं म्हणं. जेवायला काय होतं?"

आता आगरी बाईला लग्नाचं जेवण विचारायचं म्हणजे! ताई सुरू झाल्या. हळदीला किती माणूस आलं, वडे कोणी तळले, जावयाचा भाऊ कसा नाचला. बोलता बोलता हात सैल झाले, चुडा खळकन खाली आला. खिडकीत ड्रायव्हर येत होते, एक हात त्यांना थोपवतोय, दुसरा टाइप करतोय, तोंड लग्नात. वाघमारेंनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले हे! मी खाकरले. त्यांनी डोळे न उघडता मान हलवली. बराच वेळ ते तसेच ऐकत राहिले. मग एकदम म्हणाले, "आता उडी मारली का कर्सरनं?"

मारली होती. ताईंचा चेहरा पडला.

"उडीच्या आधी एक आवाज येतोय," वाघमारे म्हणाले. "काचेचा न्हाई. जड आवाज हाय. टक्."

त्यांनी ताईंना बांगड्या वर सारायला सांगितलं, मग खाली सोडायला सांगितलं. वर, खाली. लॅपटॉपला बटणांच्या पुढ्यात ती बोट फिरवायची चौकोनी पाटी असते ना, टचपॅड, तिच्यावर ताईंच्या पाटल्या टेकत होत्या. आम्ही सगळे माउस वापरायचो, त्या पाटीकडे कुणाचं लक्षच नव्हतं. अंगाला लागलेलं सोनं म्हणजे त्या पाटीला बोटच वाटायचं. एक कड टेकली की क्लिक, दोन टेकल्या की पान सरकलं.

मला तर उड्या माराव्याशा वाटल्या. पण ताई पांढऱ्याफटक. दोन्ही हात त्यांनी पदराखाली घेतले. "म्हंजे मी पाटल्या काढू? पोरीचं आताच लगीन झालंय. सासूनं हातानं घातल्यात."

"तुमी कशाला काढता?" वाघमारे म्हणाले. "पाटीच काढू की."

त्यांनी ताईंच्याच हातानं सेटिंग उघडवलं आणि टचपॅड बंद करून टाकला. सावंतसाहेबांनी विचारलं, काय होतं? "टचपॅड जास्त तेज होता. बंद केला." मग इतरांना कसा त्रास नाही? "हात येगळे असतेत साहेब प्रत्येकाचे." बांगड्यांचं नाव त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर दुसऱ्या दिवशी नोटीस लागली असती, महिला कर्मचाऱ्यांनी बांगड्या घालून येऊ नये. आमच्या साहेबांना मी चांगली ओळखते. महिनाअखेर आली नि गेली, ताई खिडकीवरच. पुढच्या खेपेला वाघमारेंच्या डब्यात ताईंनी घावणे भरून दिले, आणि तेव्हापासून वाघमारे येणार कळलं की घरातून काहीतरी यायचंच. ऑफिसात दिवसभर तो आवाज असायचा, काचेचा आणि मधूनच सोन्याचा.

मग मनोहरभाऊ गेला. छातीत दुखतंय म्हणाला आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंतच.

ताई कामावर आल्या तेव्हा हात मोकळे होते. मनगटावर फिकट पट्टा तेवढा दिसत होता. त्या टाइप करायच्या आणि आवाज यायचा नुसत्या बटणांचा. ड्रायव्हरसुद्धा गुमान रांगेत उभे राहायचे, ताईंनी हाक न मारताच. आम्ही सगळे काही झालंच नाही असं वागत होतो, मीसुद्धा.

वाघमारे कुठल्या तरी प्रिंटरसाठी आले होते. तो झाल्यावर स्टूल घेऊन ताईंशेजारी जाऊन बसले, हातात ग्लास. मग म्हणाले, "मशीन बरोबर चालू हाय ना ताई?"

"चालू हाय," ताई म्हणाल्या. "तो तुमी बंद केलेला पॅड आता चालू केलात तरी चालंल. हात मोकलंच हायत माजं."

"न्हाई ताई. बंदच राहू द्या. कधी पाटल्या घालाव्या वाटल्या तर?"

ताई वाघमारेंकडे बघत राहिल्या, मग खिडकीकडे वळल्या आणि ड्रायव्हरच्या हातातले कागद ओढून घेतले. मी वाघमारेंना बाहेर स्कूटरपाशी गाठलं. चांगलीच तडकले होते मी. म्हटलं, काय बोलता हो तुम्ही, महिनासुद्धा झाला नाही, गावात किती कडक असतं सगळं, कुणी ऐकलं असतं तर?

ते हेल्मेट हातात फिरवत उभे राहिले. "माझा बाप गेला तवा माझी माय लई तरणी होती मॅडम. तिला बांगड्यांची लई हौस. उभ्या जन्मात परत हात भरला न्हाई तिनं." मग म्हणाले, "कुणी म्हणलंच न्हाई तिला." आणि स्कूटरला किक मारून निघून गेले.

पुढे बरेच दिवस काही नाही. मग एका सकाळी ताईंनी पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. पाटल्या! गुपचूप हातात सारल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बगतेस काय? काम कर." संध्याकाळी पुन्हा पाटल्या रुमालात, रुमाल पर्समध्ये. गावात नको, म्हणाल्या, सासू हाय घरात. असं किती तरी दिवस चाललं. गेटच्या आत पाटल्या, गेटच्या बाहेर मोकळे हात. मी कुणाला बोलले नाही, आणि ज्यांना दिसत होतं तेही बोलले नाहीत.

मग एक दिवस ताई सकाळी आल्या त्या पाटल्या घालूनच. मी बघतच राहिले.

"सासूला रुमाल गावला," ताई म्हणाल्या. "मी म्हनलं आता मेली मी. तर म्हातारी म्हंते, सोनं रुमालात कशाला ठेवतंस, चोर नेल. हातात घाल." आणि हसल्या. मनोहरभाऊ गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. खिडकीत त्या दिवशी हाक घुमली, "ए भैया, लाइनमें!"

वाघमारेंना हे काही माहीत नव्हतं. मधल्या काळात त्यांच्या कंपनीनं माणसं पाठवणं कमी केलं होतं. तक्रार ऑनलाइन टाकायची, मग लांबून कुणीतरी आपल्या स्क्रीनमध्ये शिरणार आणि आपलाच कर्सर आपल्यासमोर भुतासारखा फिरणार. ताई पहिल्यांदा किंचाळल्याच होत्या, कोन घुसला म्हणून. आणि एक दिवस वाघमारेंचा फोन आला की यार्डात यायचं आता बंद झालंय, ते गावी जायचं म्हणतायत, एकदा भेटून जातो.

आले. तीच स्कूटर, तशीच धूळ. काही बिघडलेलं नव्हतं, तरी सवयीनं स्टूल ओढलं आणि माझ्या टेबलाशी बसले. चहा आला. दोन्ही हातांत ग्लास धरून त्यांनी सावंतसाहेबांची चौकशी केली, दसऱ्याला कीबोर्डला कुंकू लावता का विचारलं. खिडकी आमच्या पाठीमागे होती. तिथे गर्दी होती, ताईंना मान वळवायला फुरसत नव्हती. मी सांगणारच होते त्यांना, मला राहवतच नव्हतं. तेवढ्यात बटणांच्या आवाजात तो दुसरा आवाज आला. जड, सोन्याचा. टक्.

वाघमारे बोलता बोलता थांबले. डोळे मिटले. परत आला तो आवाज. आणि परत.

"पॅड बंदच हाय ना?" त्यांनी मला विचारलं.

"बंदच आहे," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. मागे वळून बघितलं नाही. ग्लास तोंडाला लावला आणि चहा प्यायला लागले, फुंकर मारत, गरम असताना.